दप्तरातली जबाबदारी

शाळेतली खिचडी वीस मिनिटं उशिरा आली तर काय बिघडतं? सिलिंडर संपला, मावशींना यायला उशीर झाला, पावसाने लाकडं भिजली. रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही शाळेत हे घडतं आणि कुणी मनावर घेत नाही. पोरं आणखी थोडा दंगा करतात, एवढंच. पण त्या वर्गात टाइप-१ मधुमेह असलेलं एखादं मूल असेल आणि जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं इन्सुलिन त्याने वेळेवर टोचून घेतलं असेल, तर ती वीस मिनिटं त्याला जड जातात. इन्सुलिन खिचडीसाठी थांबत नाही. साखर उतरत जाते, घाम फुटतो, हात थरथरतात, मूल उगाच चिडतं किंवा एकदम गप्प होतं. फळ्यावरचं काही डोक्यात शिरत नाही. बाईंना वाटतं, आज याचं लक्ष नाही.

‘एवढ्याशा पोराला कसली शुगर?’ असं आपल्याकडे अजून विचारलं जातं आणि पाठोपाठ येतं, ‘गोड फार खायला घातलं असेल.’ आईला ऐकवायला ते सोयीचं पडतं. या आजाराचा गोड खाण्याशी संबंध नाही. शरीराची संरक्षणयंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. मग बाहेरून इन्सुलिन, दिवसातून अनेकदा, जन्मभर. कारल्याच्या रसाने किंवा जांभळाच्या बियांच्या पुडीने ते भागत नाही, आणि कुणाच्या सांगण्यावरून इन्सुलिन बंद केलं तर मूल काही दिवसांत अत्यवस्थ होतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी डॉक्टर अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून दिवस ढकलत. म्हणजे ही मुलं बाकावर बसून पाढे म्हणतात हे शंभर वर्षांपूर्वी कुणाला खरं वाटलं नसतं.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ साली या मुलांसाठी राज्यांना पत्र लिहिलं. शाळेत त्यांना साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, डॉक्टरांनी सांगितलेला मधला खाऊ तास चालू असतानाही खाऊ द्या, परीक्षेला साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी नेऊ द्या. उत्तर प्रदेशाने त्यावरून शाळांना आदेश काढला. सीबीएसईने दहावी-बारावीच्या परीक्षेत अशा मुलांना खाऊ नेण्याची मुभा २०१७ मध्येच दिली होती. या सगळ्याला दमडी लागत नाही. तरीही गावच्या शाळेत ‘वर्गात सुई? नको बाई’ हेच उत्तर आधी येतं.

शिक्षकांवर तोंडसुख घेणं सोपं आहे. दोन शिक्षक, चार वर्ग, पोषण आहाराचा हिशोब आणि मोबाइलवर भरायच्या माहितीचा ढीग. त्यात कुणी सांगितलं, ‘हिला चक्कर आली तर बघा,’ तर मनात पहिला प्रश्न उठतो, काही झालं तर मान कुणाची अडकणार? ही भीती मला खोटी वाटत नाही. पण तिच्यातून निघणारे तोडगे बघा. सहलीला नको. कबड्डीला नको. आईने दुपारी येऊन सुई द्यावी. पहाटे मासळीची पाटी घेऊन बाजार गाठणारी आई दुपारी शाळेत कशी पोचणार, ते तिचं तिने बघावं. मोठ्यांनी झटकलेली जबाबदारी अशी त्या मुलाच्या दप्तरात जाऊन पडते. भात किती खायचा, युनिट किती घ्यायची, आज पळायचं की नाही, हे नऊ वर्षांच्या जिवाने एकट्याने ठरवायचं आणि आपण त्याला ‘समजूतदार’ म्हणून शाबासकी द्यायची. या शाबासकीची मला लाज वाटते.

कबड्डीचं तर विशेषच. अलिबाग-मुरुडच्या पट्ट्यात गावोगाव संघ आहेत, आणि इथल्या पोराला मैदानाबाहेर बसवणं म्हणजे दोस्तांतून उठवणं. खेळाने साखर उतरते, कधी खेळ संपल्यावर काही तासांनीही. त्यासाठी आधी खायचं, मध्ये तपासायचं, की झालं. क्रिकेटपटू वासिम अक्रमला ऐन उमेदीत, १९९७ च्या सुमारास, हा आजार निघाला. त्यानंतर तो वर्षानुवर्षं खेळला आणि २००३ च्या विश्वचषकात त्याने एकदिवसीय सामन्यांतला पाचशेवा बळी घेतला.

सुई घेतल्यावर पोरं हसतात, बाई कपाळाला आठ्या घालतात, मग मूल शाळेच्या मुतारीत उभं राहून सुई टोचायला शिकतं. मुलगी असेल तर घरच लपवतं. उद्या स्थळं कशी येणार? इथे मी आईबापांच्या बाजूचा नाही. त्यांची धास्ती मला कळते, पण ज्या दिवशी मुलगी प्रार्थनेच्या रांगेत कोसळेल त्या दिवशी तिच्या शेजारच्या मैत्रिणीलाही काय करायचं ते ठाऊक नसेल. लपवणं संकटातही नडतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं आणि मग कित्येक गावांत आठवडे-आठवडे वीज नव्हती. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. वीज नसेल तिथे डॉक्टर ओल्या मडक्याचा उपाय सांगतात, पण तो कोरड्या हवेत चांगला चालतो, आपल्या दमट हवेत मडकं तेवढं गार होत नाही. अशा वेळी जनरेटरवाल्या शेजाऱ्याकडे बाटली ठेवायला जावं तर आधी सांगावं लागतं ना, घरात काय आहे ते.

सरकारच्या हातात पुष्कळ आहे. केरळात अशा मुलांसाठी ‘मिठायी’ नावाची योजना आहे, त्यात इन्सुलिन मोफत मिळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आणि थॅलेसेमिया आहेत, टाइप-१ मधुमेह नाही. रोज चार वेळा बोट टोचायचं, दर वेळी नवी पट्टी. महिन्याला होणारा खर्च खलाशाच्या घराला परवडणारा नाही. त्यासाठी भांडायलाच हवं. पण शाळेत काय करायचं ते मुंबईहून यायची वाट बघण्यासारखं नाही.

गुरुजींनी डॉक्टर होण्याची गरज नाही. साखर ७० च्या खाली गेली, किंवा मशीन नाही पण लक्षणं दिसताहेत, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, मग काहीतरी खायला घालायचं. अशा वेळी एकट्याला घरी पाठवायचं नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. साखर वाढली की तहान लागते, लघवीला वारंवार होते, ‘बाई, जाऊ?’ हे तिसऱ्यांदा विचारणाऱ्याला खाली बसवायचं नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तुम्ही त्यात असाल तर पुढच्या बैठकीत हा विषय घ्यायला लावा आणि आयोगाच्या पत्राची प्रत सोबत न्या. ऑफिसच्या कपाटात साखरेचा डबा आणि त्यावर जवळच्या दवाखान्याचा फोन नंबर असू द्या. आणि इतिवृत्तात या जबाबदारीसाठी एका शिक्षकाचं नाव लिहून घ्या. ते रजेवर असतील त्या दिवसासाठी दुसऱ्याचंही.