सुबक चुका

सीटी स्कॅन किंवा एमआरआय म्हणजे शरीराच्या आतला फोटो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते एका अवघड गणिताचं उत्तर असतं. सीटीचं यंत्र एवढंच मोजतं, की एका रेषेत गेलेला क्ष-किरण वाटेत एकूण किती शोषला गेला. अशा हजारो बेरजांवरून आतल्या प्रत्येक ठिपक्याचा आकडा काढायचा. हे जमतं, हे गणितज्ञ योहान राडॉननं १९१७ मध्येच सिद्ध केलं होतं, तेही निव्वळ गणित म्हणून. १९७१ मध्ये लंडनच्या विंबल्डन भागात अभियंता हाउन्सफील्डनं घडवलेल्या सीटी यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू दिसला. त्याच वर्षी जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी ही आकडेमोड खूप सोपी करणारी रीत मांडली. तिच्यातली गाळणी (फिल्टर) आजही ‘राम-लॅक’ नावानं ओळखली जाते.

खरा पेच मोजमापं अपुरी असतात तेव्हा पडतो. आणि ती मुद्दामच कमी घेतली जातात: सीटीत किरणांचा मारा कमी व्हावा, एमआरआयमध्ये लहान मुलाला फार वेळ निश्चल पडावं लागू नये म्हणून. मग उरलेलं भरून काढायला काहीतरी गृहीत धरावं लागतं. २००६ च्या सुमारास कँडेस, रोमबर्ग आणि टाओ या गणितज्ञांनी दाखवलं, की चित्राची माहिती मोजक्या आकड्यांत मावणारी असेल, तर ठरावीक अटींवर थोडी मोजमापंही पुरतात. इथे गृहीतक उघड लिहिलेलं होतं. त्यावर वाद घालता येत होता.

आता हे काम न्यूरल नेटवर्ककडेही सोपवलं जातं. ते आपलं गृहीतक हजारो जुन्या स्कॅनमधून स्वतः शिकतं आणि ते नेमकं काय, हे त्याच्या कर्त्यालाही नीट सांगता येत नाही. २०२० मध्ये संशोधकांनी दाखवलं, की अशा पद्धतींत शरीरातला बारीकसा बदल अंतिम चित्रातून साफ पुसला जाऊ शकतो. शरीरात नसलेली रचना चित्रात उगवल्याचंही रेडिओलॉजिस्टना आढळलं आहे. जुनी रीत चुकली की चित्रावर रेघोट्या उठत, डॉक्टर सावध होत. नवी चुकली तरी चित्र देखणंच राहतं. मला भीती वाटते ती या देखणेपणाची.

म्हणून हे तंत्र नाकारावं असं मुळीच नाही. झटपट होणारा एमआरआय गर्दीच्या रुग्णालयांना हवाच आहे. पण चित्र कोणत्या पद्धतीनं आणि किती मोजमापांवरून उभं केलं, हे रिपोर्टवर छापलं जावं. आणि यंत्रातली मूळ मोजमापं, जी आज बहुधा थोड्याच दिवसांत पुसली जातात, ती निदान उपचार संपेपर्यंत जपली जावीत.