एकादशी नेमकी कधी?

श्रद्धा आणि विज्ञान यांचे हाडवैर आहे असे कोणी म्हणाले, की मला पंचांग आठवते. फणसवाडीतल्या आमच्या मजल्यावर दोन पंचांगे नांदतात. काकूंचे दाते, समोरच्या अण्णांचे टिळक. दोघांचे ग्रह तेच. भांडण राशिचक्र कुठून मोजायचे याचे. त्यापायी अधिक महिना बदलतो आणि एखाद्या वर्षी अण्णांचा गणपती काकूंच्या गणपतीआधी महिनाभर येऊन, मोदक खाऊन परतही जातो. मोदक दोनदा मिळत असल्याने आम्ही शेजारी या वादात कडक तटस्थ असतो.

आता गंमत पाहा. तिथी दोन घटका इकडे की तिकडे, याची चिंता नास्तिकाला कशाला? उपवास भलत्या दिवशी घडेल ही धास्ती भाविकाची. तेव्हा आभाळाकडे डोळे लावून बसणे आले त्याच्याच नशिबी!

कोकणात मुरूडजवळच्या नांदगावचे केशव दैवज्ञ असेच भाविक. पोथीतले ग्रह आभाळातल्या ग्रहांशी जुळेनात, तेव्हा त्यांनी आभाळाचे ऐकले. त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ रचला आणि पुढे वडिलांच्या गणितातही दुरुस्ती केली. आमच्याकडे वडिलांच्या पंख्याचा रेग्युलेटर फिरवायची छाती होत नाही. इथे मुलाने ग्रह हलवले!

ग्रंथ सोपा, म्हणून शतके चालला. पण ग्रह पोथीसाठी थांबतात थोडेच? फरक साचला. कुलाबा वेधशाळेत काम केलेल्या केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६५ पासून नव्या गणिताचे पंचांग काढले. स्वीकारणारे थोडे निघाले. मात्र त्यांच्या एका विद्यार्थ्याने, लोकमान्य टिळकांनी, तो पक्ष उचलून धरला.

मग प्रश्न पडतो : जुन्या गणितावर जन्मभर एकादश्या केलेल्या आज्यांचे पुण्य वाया गेले काय? मला नाही वाटत. उपास त्यांचा होता, चूक गणिताची. देव काही ऑडिटर नव्हे. पण चूक दिसल्यावरही ‘आमच्यात असंच चालतं’ म्हणून पोथी मिटून बसायचे, याला श्रद्धा म्हणू नये. तो आळस, फक्त सोवळे नेसलेला.

नांदगावच्या त्या बापलेकांची भक्ती तसूभरही कमी नव्हती. ते हात जोडताना डोळे उघडे ठेवत, इतकेच.