चार हातांची चाल

'चाल' या आपल्या शब्दाची मला मोठी मौज वाटते. माणसाच्या चालण्याला आपण चाल म्हणतो आणि गाणे ज्या वळणाने जाते त्यालाही चालच म्हणतो. पाश्चात्त्य संगीतातही एका संथ लयीचे नाव 'आंदान्ते' असे आहे आणि ते 'चालणे' या अर्थाच्या इटालियन क्रियापदावरून आले आहे. भोंगवलीसारख्या गावात बसून या योगायोगाचा विचार करताना एक प्रश्न मनात आला, तो फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो. दोघांनी मिळून सावकाश जायचे, तर पाऊल कुणाचे धरायचे? आणि ज्याने आपले पाऊल आवरले, त्याचे काही उणे होते काय?

मोझार्टने १७८७ साली एकाच पियानोवर दोघांनी वाजवण्यासाठी एक सोनाटा रचला. त्याचा मधला भाग आंदान्ते आहे. त्याची पट्टी एफ मेजर. आमच्या पेटीवाल्याच्या भाषेत पांढरी चारचा षड्ज आणि बिलावलाचे स्वर. ऐकताना मला तरी घरातली जेवणे आटोपल्यावरच्या निवांत बोलण्याची आठवण होते. पण हा निवांतपणा वाजवणाऱ्यांना फुकट मिळत नाही. पियानोचा स्वर उमटला की लगेच विरू लागतो. गवयाच्या गळ्यासारखा तो धरून ठेवता येत नाही. संथ लयीत दोन स्वरांमध्ये रिकामी जागा पडते आणि त्या जागेत दोघांनाही थांबावे लागते. द्रुत लयीत वेगच दोघांना ओढून नेतो. संथ लयीत मात्र पुढे निघून जाण्याचा मोह क्षणोक्षणी होतो.

शिवाय बाक एक, कोपराला कोपर लागलेले. वरच्या पट्ट्यांवर बसलेल्याकडे बहुधा मुख्य सुरावट असते आणि पायाखालचे पेडल बहुधा खालच्या पट्ट्या वाजवणाराकडे. म्हणजे सूर एकाचा. तो किती रेंगाळावा हे दुसऱ्याच्या पायात! मोझार्ट लहानपणी आपल्या बहिणीबरोबर असा वाजवीत असे. १७८०च्या सुमारास काढलेल्या त्यांच्या कुटुंबाच्या चित्रात बहीणभाऊ एकाच वाद्यावर बसले आहेत, त्यांचे हात एकमेकांवरून गेले आहेत, आणि १७७८ साली वारलेली आई भिंतीवरच्या तसबिरीतून पाहते आहे. भाऊबीज साजरी करणाऱ्या आपल्या माणसांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

आता कुणी म्हणेल, भोंगवलीत पियानो कुठला? पियानो नसेल, पण चार हातांचे वाद्य इथल्या घराघरांत होते. ते म्हणजे जाते. समोरासमोर दोघी बसत, एकाच खुंट्यावर दोघींचा हात. एकीची ओढ संपते तिथे दुसरीची सुरू होते. मोकळ्या हाताने वैरणीची मूठ घालायची आणि वर ओवी. आमच्या आळीतल्या एक आजी म्हणतात, "बाबा, घाई केली की पीठ भरड पडतं. दोघींचा हात एक झाला, की दगड हलका व्हतो." लयीवरचे एवढे नेमके भाष्य मी फार थोडे ऐकले आहे. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागापासून सुरुवात करून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी अशा ओव्या जमवल्या. त्यांची संख्या लाखावर गेली. दगडाच्या संथ लयीने बायकांना बोलायला केवढी जागा दिली होती!

पण इथेच जपून बोलले पाहिजे. जात्याचे कौतुक करायला आपले काय जाते? पहाटेच्या अंधारात दळायला उठणे हा कष्टच होता. गिरणी आली आणि बायका सुटल्या, हे चांगलेच झाले. शिवाय खुंट्यावरचे दोन हात नेहमी सारख्या मानाचे नव्हते. एक हात सासूचा असे, दुसरा सुनेचा. लय कुणाची चालत असेल हे सांगायला नको. 'जुळवून घे' हा उपदेश आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाजूला केला गेला, आणि त्यालाच आपण सुसंवाद म्हणत आलो.

म्हणून मला आवरणे आणि आवरले जाणे यांत फरक करावासा वाटतो. हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे या बहिणी १९६५पासून पुढे कितीतरी वर्षे जुगलबंदी गायल्या. दोघींनी मिळून गायचे तर षड्ज एकच धरावा लागतो. पण एक आलाप घेत असताना दुसरी गप्प राहते, तेव्हा ती हरलेली नसते. ती ऐकत असते, आणि थोड्या वेळाने तिची पाळी येणार असते. पाळी येणार असेल तर थांबणे हा स्नेह आहे. कधीच येणार नसेल तर त्याच थांबण्याला दुसरे नाव द्यावे लागेल.

या चार दिवसांत पुण्याहून मुले-नातवंडे गावी येतील. देवळाकडे जाताना म्हाताऱ्या आईपुढे दहा पावले निघून जाणारा मुलगा आणि तिच्या पावलाने चालणारा मुलगा, दोघेही देवळात पोचतीलच. पण दुसऱ्याला वाटेत आई काय काय बोलली ते ऐकायला मिळेल. तेवढे चालून झाल्यावर, घरी आईच्या पावलाशी वर्षभर पाऊल जुळवणारी जी कुणी आहे, तिला आपल्या पावलाने चालायची पाळी कधी मिळते, हेही त्याने एकदा विचारावे.