लंगोट आणि बूट

2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. अशी कुस्ती पाहिली की पोरांना अंग कमवायची हौस येते, आणि हौसेची पहिली धाव दुकानाकडे! तालमीत मात्र लंगोट पुरतो. ताक, तेल, हळद घालून खणलेल्या मातीला नवेकोरे बूट चालत नाहीत. जिममध्ये सैल सुती बनियन, पायात नीट बसणारे बूट, घाम पुसायला पंचा, झालं. पहिल्या दिवशी थोडे जोर, थोड्या बैठका. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. दुखलं म्हणून सोडू नका, वजनांची मात्र घाई नको. चाळिशी ओलांडली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.