नऊ पिनांचा पोर्ट

जरा स्वस्थ बसा. श्वासाला त्याच्या गतीने येऊ-जाऊ द्या. आज मन एका लहानशा जागेवर टेकवायचं आहे: सर्व्हरच्या मागच्या अंगाला, नेटवर्कच्या केबलींशेजारी असलेल्या सिरियल पोर्टवर.

आधी नुसतं पाहा. वर पाच पिना, खाली चार, दोन्ही कडांना स्क्रूची जागा. बहुतेक वेळा इथे काहीच जोडलेलं नसतं. तो कामाचा की बिनकामाचा, हे इतक्यात ठरवू नका.

यामागचं आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० मध्ये ठरलं. टर्मिनल आणि मोडेम यांना एकमेकांशी बोलता यावं, एवढीच त्याची इच्छा होती.

आता एक अक्षर तारेवरून जाताना पाहा. तार निवांत असताना तिच्यावर ऋण व्होल्टेज असतं. ते धन झालं, की समोरच्याला कळतं: काही येतंय. मग आठ बिट, एकामागून एक. शेवटी थांबल्याची खूण. सुरुवातीची आणि शेवटची खूण धरून अक्षरामागे दहा बिट. सेकंदाला ९६०० बिटांचा वेग असेल, तर सेकंदाला ९६० अक्षरं. पाठवायची एक तार, घ्यायची एक, ग्राउंडची एक. तीन तारांत संवाद पुरा होतो. इथे थोडं रेंगाळा.

आता अडचणीची घटका डोळ्यांसमोर आणा. मशीन सुरू होता होता कर्नल कोसळला. नेटवर्क अजून उठलेलंच नाही, दुरून लॉगिन करायला वाट नाही. पण लिनक्सचा कन्सोल आधीच सिरियल पोर्टकडे वळवून ठेवला असेल, तर शेवटच्या ओळी तिथून बाहेर पडतात. कुठल्या ड्रायव्हरपाशी गाडं अडलं, ते त्या ओळी सांगतात. या वाटेला आयपी पत्ता लागत नाही, मधला स्विच लागत नाही. पोर्टच्या चिपमधल्या रजिस्टरमध्ये बाइट लिहिला, की तो निघाला. ज्याला कमी लागतं, ते संकटात टिकतं. हा विचार मनात मुरू द्या.

या आधाराची किंमतही मोजा. कुणीतरी तो जुना ड्रायव्हर सांभाळतो, नव्या मशीनवर तपासतो. उघडा कन्सोल म्हणजे आत शिरायची वाटही. तिला पासवर्ड हवा, रॅकला कुलूप हवं. आज कित्येक सर्व्हरांवर पोर्ट दिसतही नाही. व्यवस्थापनाची चिप तेच बोलणं नेटवर्कवरून पोचवते, व्हर्च्युअल मशीनमध्ये त्याची हुबेहूब नक्कल असते. रूप बदललं, गरज उरली.

म्हणून जुनं काही काढून टाकण्यापूर्वी स्वतःला विचारा: बाकी सगळं बंद पडलं, तर हे यंत्र कुठून बोलेल? तितकीच साधी दुसरी वाट हाती येईपर्यंत ही राखायला हवी. आणि नुसती राखून भागत नाही. तुमच्या ताब्यातल्या एका तरी सर्व्हरचा कन्सोल आज उघडून बघा. गरज पडेल त्या दिवशी तपासायला सवड नसते.