पत्ता आणि ऐवज

संगणकाचा ‘सी’ ड्राइव्ह भरला. संगणक चालवणारी प्रणाली तिथेच असते. तिला कामापुरतीही जागा उरेना. म्हणून वडिलांच्या पत्रांच्या प्रती आणि आईच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण ‘डी’ ड्राइव्हवर हलवायला बसलो.

तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. एकाच ड्राइव्हमध्ये फाइल या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये नेली, तर ऐवज जागचा हलत नाही. नोंदीतला पत्ता तेवढा बदलतो. दुसऱ्या ड्राइव्हवर नेताना मात्र आधी नक्कल होते, मग मूळ काढून टाकले जाते. आपण दोन्हींना ‘हलवणे’च म्हणतो.

आमचे बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. घर तेच, विहीर तीच, देव्हारा तोच, पत्ता बदलला. त्या पत्त्यासाठी आम्ही उभा जन्म झगडलो, आणि त्यात चूक काहीच नव्हते. पण भाषा पुढच्या पिढीकडे जाते, ती दुसऱ्या ड्राइव्हवर. तिथे नक्कलच करावी लागते, आणि मूळ पुसताना काळ कुणाला विचारत नाही.

नातवाला ओवी ऐकवली. आवाज स्वच्छ होता. तो म्हणाला, “आजोबा, पणजी काय म्हणते?” फाइल सुखरूप पोचली होती, ओवी पोचली नव्हती.

मग जाते म्हणजे काय, इथपासून सुरुवात केली. सारी संध्याकाळ त्यात गेली.

नक्कल उघडून पाहिल्याशिवाय मूळ पुसू नये, असे जाणकार सांगतात. इथे मूळ प्रत आम्हीच आहोत. नक्कल उघडते की नाही, ते आमच्या डोळ्यांदेखत पाहून घ्यायला हवे.