इतिहास कुणाकुणाला विचारायचा?

आमचा पणजा माणगावच्या परिषदेला हजर होता, असं आमच्या घरात तीन पिढ्या सांगतात. २१ आणि २२ मार्च १९२० ची परिषद. अठ्ठावीस वर्षांचे बाबासाहेब अध्यक्ष, सोबत शाहू महाराज, आणि गर्दीत कुठंतरी आमचा पणजा. मी पहिली कविता लिहिली ती ह्यावरच. परिषदेला शंभर वर्षं भरली त्या दिवशी, २२ मार्च २०२० ला, देशात जनता कर्फ्यू होता. खोलीत बसून बाहेरच्या थाळ्यांचा आवाज ऐकला आणि मनाशी ठरवलं, आपल्या वस्तीचा इतिहास लिहायचा. छोटी पुस्तिका. भीमजयंतीला वाटायची. पहिल्या पानावर पणजा.

कागद गोळा करायला वेळ लागला. पाळी संपली की एकेका घरी जायचं, ट्रंका उघडायला लावायच्या. आमच्याच घरच्या ट्रंकेत पणजाचा शाळेचा दाखला सापडला. दोन यत्ता शिकला होता गडी. जन्मतारीख, १ जून १९२२.

म्हणजे परिषद झाली तेव्हा पणजा जन्मालाच आला नव्हता.

एक मित्र म्हणाला, "छाप की लेका. कोण दाखला बघायला येतंय? त्यांनी हजारो वर्षं खोटं छापलं, आपण एक ओळ छापली तर काय आभाळ पडतंय?" दुसरा कॉलेजात शिकलेला. तो म्हणाला, "दस्तऐवज नाही तर इतिहास नाही. काढून टाक." दोघंही माझ्यावर जीव टाकणारे. पण मला दोघांचंही पटलं नाही. त्या आठवड्यात रात्रपाळी होती. रिंग फ्रेमवर तुटलेले धागे जोडत फिरताना डोक्यात एकच घोळत होतं. इतिहास नक्की कुणाला विचारायचा? आणि किती जणांना विचारलं म्हणजे पुरे?

मित्रांनो, हा प्रश्न माझ्या पणजापुरता नाही. म्हणून हा लेख.

महाराष्ट्रात इतिहास-संशोधन म्हटलं की पहिलं नाव येतं राजवाड्यांचं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. पुढं बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. माणूस गावोगाव हिंडला, वाड्यांच्या माळ्यावर चढला, वाळवीनं खाल्लेली दफ्तरं उपसली. ह्या मेहनतीला मी नाव ठेवणार नाही. मेहनत काय असते हे गिरणीतल्या माणसाला सांगावं लागत नाही.

पण दफ्तर असतं कुणाच्या घरी? ज्याच्याकडं वतन, ज्याच्याकडं लेखणी, त्याच्या घरी. त्या दफ्तरात आपण येतो कसे? वेठीला धरलेले, दंड भरलेले, हद्दीची साक्ष द्यायला उभे केलेले. बोलणारे म्हणून येत नाही. एकच विहीर कितीही खोल खणली तरी पाणी त्याच झऱ्याचं. खोली म्हणजे रुंदी नव्हे.

रुंदी काय असते ते आपल्या माणसांनी दाखवलं. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांचा पवाडा लिहिला, १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली. त्यांच्यापाशी वाड्यांची दफ्तरं नव्हती. त्यांनी सण विचारले, म्हणी विचारल्या, बायका ओवाळताना बळीचं राज्य येवो म्हणतात त्याचा अर्थ विचारला. त्यातले काही अर्थ आज टिकतील, काही टिकणार नाहीत. पण साक्षीदार बदलला, ही गोष्ट टिकली.

बाबासाहेबांचं बघा. १९१६ साली कोलंबियात जातीवर निबंध वाचला तो मानववंशशास्त्राच्या वर्गात. १९२३ साली पुस्तक आलं ते रुपयाच्या प्रश्नावर. १९४६ साली शूद्र कोण होते ह्यावर, १९४८ साली अस्पृश्य कोण होते ह्यावर. अर्थशास्त्र, कायदा, समाजशास्त्र, वेद, महाभारत, बौद्ध ग्रंथ, सगळं एका टेबलावर. आणि १९४८ च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी एक गोष्ट रोखठोक सांगितली. पुराव्याची साखळी जिथं तुटते तिथं संशोधकानं कल्पनेनं दुवा जोडायला हरकत नाही, पण तो अंदाज आहे हे कबूल करायचं. आपला सिद्धान्त अखेरचा शब्द माना, असं ते म्हणाले नाहीत. उलट टीकाकारांनी तपासावा म्हणून पुढं ठेवला. आपण मात्र भाषणात तो सिद्धान्त असा सांगतो जणू कुणी ऋचा म्हणतंय. ज्यानं आपल्याला पोथीतनं सोडवलं, त्याचीच पोथी करायची?

दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक. त्यांनी हजारो जुनी नाणी तराजूत तोलली आणि ती किती हातांतून फिरली असतील ह्याचा हिशोब मांडला. पुण्याभोवतीच्या डोंगरांत पायी हिंडून गारगोटीची हत्यारं वेचली, रानातल्या शेंदूर फासलेल्या देवींची ठाणी पाहिली. धनगराची वाट आणि दगडाचं हत्यार त्यांच्या लेखी पुरावा होता. १९५६ साली त्यांचं भारतीय इतिहासावरचं पुस्तक आलं आणि राजांच्या याद्या पाठ करण्याचे दिवस सरले. निदान सरायला हवे होते. धुळ्याचे शरद पाटील संस्कृत व्याकरणात घुसले, पाणिनी उलटापालटा केला आणि १९८२ साली 'दास-शूद्रांची गुलामगिरी' दिलं. शत्रूची भाषा शिकून तिच्याच पोटातून साक्ष काढली.

आणि आपलं कोल्हापूर? पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ साली सांकलिया आणि दीक्षित ह्यांनी तिथं खोदलं. सातवाहनकाळचं गाव निघालं. ह्या टेकडीतून निघालेली समुद्रदेव पोसायडनची छोटी काशाची मूर्ती टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ह्या गावाचा व्यापार समुद्रापलीकडं पोचला होता, हे कुठल्याही सरदाराच्या दफ्तरात नव्हतं. ते मातीला विचारावं लागलं. जोतिबाच्या डोंगराकडं पोहाळ्याजवळ लेणी आहेत, आत चैत्य आहे, भिक्खूंच्या खोल्या आहेत. अशा लेण्यांना लोक पांडवांची म्हणतात. महाराष्ट्रात एवढ्या लेण्यांत पांडव राहिले की त्यांना वनवास कमी आणि बिऱ्हाडं बदलणंच जास्त झालं असणार! नाव पुसलं की माणूस पुसला जातो. भिक्खू गेला, पांडव राहिला.

इथपर्यंत सगळं आपल्याला गोड लागतं. कारण इथपर्यंत रुंदी त्यांच्या भिंती पाडते. आता जरा आपल्या घराकडं.

गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलाची गोष्ट तुम्हांला पाठ आहे. शाहू महाराज तिथं थांबून चहा प्यायचे. ही गोष्ट आपण महाराजांच्या मोठेपणाची म्हणून सांगतो, आणि मोठेपणा होताच. पण महाराज गाडीत बसून गेल्यावर? गाव बहिष्कार घालून बसलेलं आणि गंगाराम कांबळे रोज सकाळी शेगडी पेटवतायत. त्या रिकाम्या बाकड्यांसमोर बसणाऱ्या माणसाच्या धीराचा इतिहास कुणी लिहायचा? १९२४ साली लठ्ठ्यांनी महाराजांचं चरित्र लिहिलं, पुढं शिवाजी विद्यापीठानं महाराजांचे कागद छापले. फार मोलाचं काम. पण दरबारचा कागद देणाऱ्याचा हात दाखवतो. घेणारा त्याचं पुढं काय करतो ते कागदाबाहेर असतं.

इंग्लंडात ई. पी. थॉम्पसन नावाचा माणूस संध्याकाळी कामगारांचे वर्ग घ्यायचा. १९६३ साली त्यानं इंग्रज कामगारवर्ग कसा घडला ह्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. हातमागवाले, मोजे विणणारे, हरलेले, फसलेले, सगळे त्यात घेतले. हरला म्हणून माणूस मूर्ख ठरत नाही, असं त्याचं म्हणणं. मुंबईत मीना मेनन आणि नीरा अडारकर ह्यांनी गिरणगावची माणसं बोलती केली, २००४ साली त्याचं पुस्तक आलं. आणि त्याच्याही आधी, १९८९ साली, उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायका घरोघर जाऊन गाठल्या. तोवर आपल्या चळवळीच्या इतिहासात बायका होत्या कुठं? सतरंजीच्या पलीकडं. हे राजवाड्यांनी केलं नव्हतं, मित्रांनो. हे आपण केलं होतं.

मी पुस्तिकेचा पहिला खर्डा आजीला वाचून दाखवला. ती शेंगा फोडत ऐकत होती. म्हणाली, "समदी बापयच हैत की रं ह्यात. माणगावला हजारोंनी माणसं जेवली म्हंतोस. भाकऱ्या काय महाराजांनी थापल्या?" मी गप्प.

मग खर्डा घेऊन मातंग वस्तीत गेलो. आमच्या गल्लीपासून पन्नास पावलं. एका म्हाताऱ्याला म्हणालो, आबा, वस्तीचा इतिहास लिहितोय, काही सांगा. ते हसले. म्हणाले, "तुमच्या पुस्तकात आमचं काय काम, लेकरा? जयंतीला हलगी वाजवायला बोलवता, तेवढं ल्ह्या म्हंजे झालं." पन्नास पावलं. आणि माझ्या तीस पानांत त्यांची एक ओळ नव्हती. प्रस्थापितांच्या दफ्तरात आपण जसे होतो, तसे ते माझ्या वहीत होते. त्या दिवशी मला 'रुंदी' ह्या शब्दाचा अर्थ कळला. किती विषय वाचले ही रुंदी नव्हे. कुणाच्या दाराशी जाऊन खाली बसलो, ही रुंदी.

अजून एक कडू गोष्ट. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेवर जमाव घुसला. एका परदेशी लेखकाच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाचा राग. कपाटं पाडली, पोथ्या-पुस्तकं फाडली. बरं झालं, भटांची पोथ्यांची वखार गेली, असं म्हणणारे आपल्यातही भेटतात. अरे, बाबासाहेबांनी शूद्रांचा इतिहास कशातून काढला? ऋग्वेदातून, शांतिपर्वातून. आपल्या विरुद्ध लिहिलेल्या पोथीतच आपली साक्ष दडलेली असते. ती फाडली तर नुकसान आपलं. आणि ह्याच कोल्हापुरात 'शिवाजी कोण होता?' ही चिमुकली पुस्तिका लिहिणाऱ्या गोविंद पानसरेंवर १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या झाडल्या. २० तारखेला ते गेले. पुस्तक फाडणारा हात आणि लिहिणाऱ्यावर उठणारा हात, दोघांमध्ये अंतर असतं, मान्य. पण वाट एकच.

गिरणीत पेळू एकटा चालवत नाहीत. ड्रॉइंगला सहा-आठ पेळू एकत्र ओढून त्यांचा एक करतात. एकात जिथं पातळ, तिथं दुसरा भरून काढतो. पण त्याच्या आधी ब्लो रूममध्ये सगळ्या कापसाचा कचरा झाडावा लागतो. आपल्या शेतातला कापूस म्हणून त्यातला कचरा राहू दिला तर धागा तुटणारच.

आता पणजा. मी त्याच्या शाळेत गेलो. जुनं रजिस्टर बघू दिलं. पानभर नावं, आणि अर्ध्याअधिक पोरांची जन्मतारीख १ जून. सगळी एकाच दिवशी कशी जन्मली? मास्तरांनी पोराकडं बघायचं, वय अंदाजानं धरायचं आणि शाळा सुरू व्हायच्या सुमाराची तारीख टाकून द्यायची. ज्यांच्या जन्माची नोंद ठेवायला कुणी नव्हतं, ते सगळे १ जूनचे. म्हणजे माझा कॉलेजवाला मित्र ज्याला दस्तऐवज म्हणत होता, तोही साक्षीदार अडखळतच बोलत होता.

आजीला पुन्हा विचारलं. मामंजी नेमकं काय म्हणायचे? ती म्हणाली, "ते म्हणायचे, आमी माणगावला हुतो."

आमी. मी नव्हे.

त्या एका शब्दापाशी मी थांबलो. आपण म्हणतो, आम्ही महाडला पाणी प्यालो. २० मार्च १९२७ ला माझा बापही जन्मला नव्हता. तरी ते खोटं नाही. त्या 'आम्ही'वर तर आपण उभे आहोत. पण इतिहास लिहायला बसलो की हा 'आम्ही' कोणता, ते सांगावं लागतं. त्यात कोण होतं, कोण नव्हतं. भाकऱ्या थापणारी होती का, हलगी वाजवणारा होता का. स्मृती आपल्याला उभं करते, संशोधन आपल्याला सरळ उभं करतं. दोन्ही लागतात. एकाचं नाव दुसऱ्याला द्यायचं नाही, एवढंच.

पुस्तिकेत मी असं लिहिलं, 'आमच्या घरात सांगतात की पणजा माणगावला होता. दाखल्यावर जन्म १ जून १९२२ आहे. ती तारीख अंदाजाची दिसते. तो म्हणायचा, आम्ही होतो.' बस्स. पणजाला पहिल्या पानावरून उचलून बाराव्या पानावर ठेवला. पहिल्या पानावर आता मातंग वस्तीतले आबा आहेत, हलगीसकट. चार वेळा गेल्यावर बोलले.

पुस्तिका छापून आली तेव्हा वस्तीतले काही नाराज झाले. माझा बाप दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "दाखला खोटा असंल, पर तू खरं लिवलंस." माझ्या लेखी ती मोठी पदवी.

तुमच्या वस्तीतही ट्रंका आहेत. म्हाताऱ्या आहेत. पन्नास पावलांवर दुसरी गल्ली आहे. वही घ्या आणि निघा. आणि जे आपल्याला आवडणार नाही, ते आधी टिपून घ्या.

जय भीम.